ही लिंक कुठे उभी आहे?

एक साधं वेबपान डोळ्यांसमोर आणा. आंब्याच्या एका छोट्या दुकानाचं. वर दुकानाचं नाव, खाली हापूसच्या पेटीचा फोटो, त्याखाली ‘मागणी नोंदवा’ असं बटण. पान तुमच्याच लॅपटॉपवर उघडलंय, लोकलहोस्टच्या ८००० नंबरच्या पोर्टवर. फोटो नीट दिसतोय, बटण दाबलं की पुढचं पान येतंय. घाई कसलीच नाही. जरा वेळ फोटोकडे बघा आणि मग त्याच्यामागची कोडची ओळ बघा: /चित्रे/हापूस.जेपीजी.

या ओळीत काय लिहिलेलं नाही, ते आधी पाहू. मशीनचं नाव नाही. पोर्ट नाही. एचटीटीपी की एचटीटीपीएस, तेही नाही. तरी फोटो आला. म्हणजे राहिलेला पत्ता कुणीतरी भरून काढला. सर्व्हरकडे मागणी पोचली तेव्हा पत्ता पूर्ण झालेला होता, त्यामुळे ते काम त्याचं नाही. ते केलं ब्राउझरने. तो ज्या पानावर होता त्याच पानाच्या पत्त्यातून उरलेले तुकडे घेतले आणि जोडले. कुणाला न विचारता, क्षणभरात.

मनात एकच प्रश्न धरा आणि पुढे जाताना तो सोडू नका: ही लिंक कुठे उभी राहून बोलते आहे?

लिंक तीन तऱ्हांनी लिहिता येते. पहिली तऱ्हा पूर्ण पत्त्याची. ती कुठूनही वाचली तरी एकाच जागी नेते. सुरक्षित वाटते, पण तिच्यात जागा कोरलेली असते. कुणी घाईत कोडमध्ये लोकलहोस्टचा पूर्ण पत्ता लिहिला आणि साइट लाइव्ह गेली, तर चिपळूणमधल्या गिऱ्हाइकाचा फोन त्या फोटोची मागणी स्वतःकडेच करतो. लोकलहोस्ट म्हणजे ज्याचं त्याचं मशीन. त्या फोनवर कुठला आला हापूसचा फोटो?

दुसरी तऱ्हा तिरक्या रेघेने सुरू होणारी, वर पाहिली तशी. ती डोमेन तेच ठेवते आणि वाट मुळापासून मोजते. तिसरी तऱ्हा रेघेशिवाय, नुसतं हापूस.जेपीजी. ही वाट सध्याच्या पानापासून मोजते. घरात कुणी ‘आत्या आली’ असं ओरडलं, तर कोण आली हे ओरडणारं कोण आहे त्यावर ठरतं. त्याच बाईला दुसरं कुणी मामी म्हणेल, तिसरं कुणी वन्सं. नातं खरंच असतं, पण ते बोलणाऱ्यापासून मोजलेलं असतं. रेघेशिवायची लिंक अशीच बोलते.

इथे थोडं थांबू, कारण ‘सध्याच्या पानापासून’ म्हणजे नक्की कुठून, यात बऱ्याच रात्री गेलेल्या आहेत.

दोन पत्ते मनात शेजारी-शेजारी ठेवा. एक /फळे/आंबा. दुसरा /फळे/आंबा/. फरक फक्त शेवटच्या रेघेचा. दोन्हीकडे पान तेच येतं असं धरू, आणि दोन्ही पानांत लिंक तीच: पेटी.जेपीजी. आता ब्राउझर व्हा. नियम सरळ आहे. सध्याच्या पत्त्यातल्या शेवटच्या रेघेच्या पुढचं सगळं पुसायचं आणि तिथे लिंक चिकटवायची. पहिल्या पत्त्यात शेवटच्या रेघेपुढे ‘आंबा’ आहे. तो पुसला जातो आणि उरतं /फळे/पेटी.जेपीजी. दुसऱ्यात शेवटच्या रेघेपुढे काहीच नाही, म्हणून काहीच पुसलं जात नाही. तिथे होतं /फळे/आंबा/पेटी.जेपीजी. एका पानावर फोटो दिसतो, दुसऱ्यावर तुटलेल्या चित्राची ती छोटी खूण.

हा नियम रॉय फील्डिंग यांनी जून १९९५ च्या आरएफसी १८०८ मध्ये नीट मांडला, आणि जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये तो आजच्या रूपात आला. सगळे ब्राउझर मूळ तोच नियम पाळतात, त्यामुळे ब्राउझरवर संशय घेण्यात वेळ घालवू नये. तिरकी रेघ युनिक्समधून आली. तिथे ती फोल्डर आणि त्यातली फाइल यांच्यामध्ये असे, आणि सुरुवातीचे वेब सर्व्हर पत्त्यातली वाट थेट डिस्कवरच्या फोल्डरांशी जुळवत. आज ‘आंबा’ हा बहुतेक वेळा फोल्डर नसतो. तो डेटाबेसमधली एक नोंद असतो आणि पान प्रोग्राम बनवतो. ब्राउझरला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त रेघा दिसतात, आणि तो त्या रेघांवर पूर्ण विश्वास ठेवतो.

म्हणून शेवटची रेघ असावी की नसावी याबद्दल मला फारसा आग्रह नाही. मात्र जे ठरेल ते साइटभर एकच असावं आणि दुसऱ्या रूपाने आलेल्याला सर्व्हरने पहिल्याकडे वळवावं, याबद्दल आहे. वळवतानाही भान हवं. पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये रेघ नसलेल्या पत्त्याला रेघ जोडून पुन्हा पाठवण्याची सोय मुळातच चालू असते. त्या बिनरेघेच्या पत्त्यावर कुणी फॉर्म भरून पाठवला, तर डीबग चालू असताना जँगो थांबतो आणि भरलेला मजकूर हरवेल असं बजावतो. लाइव्ह सर्व्हरवर डीबग बंद असतं. तिथे तो मुकाट्याने वळवतो, ब्राउझर नव्या पत्त्यावर रिकाम्या हाताने जातो, आणि गिऱ्हाइकाची मागणी वाटेतच गळते. ओरडणारा सर्व्हर तुमच्या टेबलावर असतो आणि गप्प राहणारा गिऱ्हाइकापुढे. हे ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा दिसेल.

आता साइट हलवू. गिटहब पेजेस घ्या, कारण तिथे बरेच विद्यार्थी आपला पहिला प्रोजेक्ट फुकटात लाइव्ह नेतात. प्रोजेक्टच्या साइटला तिथे स्वतंत्र डोमेन मिळत नाही. पत्ता होतो तुमच्या नावाच्या डोमेनखाली, रेघ, मग रिपॉझिटरीचं नाव. समजा ते नाव ‘दुकान’. तुमचं पान आता /दुकान/ इथे राहतं. कोडची ओळ तीच आहे, /चित्रे/हापूस.जेपीजी. डोळे मिटून ब्राउझरच्या जागी उभे राहा आणि ही ओळ वाचा. सुरुवातीची रेघ सांगते, डोमेनच्या मुळाशी जा. तुम्ही मुळाशी जाता. तिथे चित्रे नावाचं काहीच नाही. फोटो /दुकान/चित्रे/ मध्ये आहे, एक पायरी आत. उत्तर येतं ४०४.

कोड बदललेला नाही. फाइल हललेली नाही. सर्व्हर नीट चालतोय. मग चुकलं काय? लोकलहोस्टवर तुमची साइट त्या पोर्टची एकटी मालकीण होती. तिथे ‘साइटचं मूळ’ आणि ‘डोमेनचं मूळ’ एकाच बिंदूवर होते, आणि ते दोन आहेत हे कधी लक्षात येण्याचं कारणच पडलं नाही. सुरुवातीची ती रेघ लिहिताना मनात ‘माझ्या साइटच्या मुळापासून’ असं होतं. वेबला मात्र ‘साइट’ ठाऊक नाही. त्याला डोमेन ठाऊक आहे. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य म्हणूनच खोटं नसतं. म्हणणाऱ्याने खरोखर चालताना पाहिलेलं असतं. ते अशा जागी पाहिलेलं असतं जिथे दोन वेगळी मुळं एकमेकांवर तंतोतंत बसलेली होती.

या क्षणी पटकन हात जातो तो प्रत्येक लिंकपुढे ‘दुकान’ लिहून टाकण्याकडे. करू नका. तसं केलं की लाइव्ह चालेल आणि लोकल मोडेल. पुढे कुणी स्वतंत्र डोमेन घेतलं की पुन्हा सगळं मोडेल. पानाच्या डोक्यात बेस टॅग टाकणं हाही उपाय सुचतो. तो रेघेशिवायच्या लिंकना आधार देतो, पण रेघेने सुरू होणाऱ्या लिंकच्या वाटेला हातही लावत नाही, आणि पानातल्या पानात उडी मारणाऱ्या ‘#’ लिंकांना मात्र बेसच्या पत्त्यावर घेऊन जातो. एक भोक बुजवताना दुसरं पडतं.

इथे मला जुन्या माणसांची आठवण काढावीशी वाटते. १९९३ च्या सुमारास सीजीआय नावाचा संकेत आला: सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम कसा चालवायचा आणि त्याला काय सांगायचं. त्यात पत्त्याची वाट दोन भागांत फोडून प्रोग्रामच्या हाती देत. पहिल्या भागाचं नाव स्क्रिप्ट नेम, दुसऱ्याचं पाथ इन्फो. पहिला भाग सांगतो, तू कुठे बसवला गेला आहेस. दुसरा सांगतो, तिथून पुढे तुझ्याकडे काय मागितलं आहे. /दुकान/फळे/आंबा अशी मागणी आली की ‘/दुकान’ पहिल्यात जातं आणि ‘/फळे/आंबा’ दुसऱ्यात. पायथनच्या डब्ल्यूएसजीआयने २००३ मध्ये हीच फोड जशीच्या तशी उचलली, आणि आजही जँगो किंवा फ्लास्कला येणाऱ्या प्रत्येक मागणीबरोबर हे दोन तुकडे येतात.

ही फोड थोडा वेळ मनात घोळू द्या. तिच्यात केवढी समज आहे! प्रोग्रामला स्वतःची जागा आधीपासून ठाऊक असेल अशी अपेक्षाच केलेली नाही. जागा त्याला बाहेरून सांगितली जाते, दर मागणीला नव्याने. तोच प्रोग्राम सकाळी मुळावर बसवा, दुपारी /दुकान खाली, संध्याकाळी दोन्हीकडे एकदम. तो आपलं पाथ इन्फो वाचून काम करेल आणि बाहेर लिंक देताना पुढे स्क्रिप्ट नेम जोडेल. मला हे फार सुंदर वाटतं, आणि नव्या मंडळींना ते फारसं कुणी सांगत नाही याची खंतही.

या समजेला आज वेगवेगळी नावं आहेत. व्हीटमध्ये ‘बेस’ नावाचं एक सेटिंग आहे, नेक्स्टमध्ये ‘बेसपाथ’. जँगोमध्ये लिंक हाताने न लिहिता ‘यूआरएल’ आणि ‘स्टॅटिक’ या टॅगांकडून मागून घ्यायची. स्टॅटिक फाइलींच्या सेटिंगमधला पत्ता रेघेशिवाय लिहिला, तर ३.१ आवृत्तीपासून जँगो त्याच्यापुढेही बसवलेली जागा स्वतः जोडतो. कुठलंही साधन घ्या, करायचं एकच: जागा एका ठिकाणी सांगितलेली असावी आणि उरलेल्या सगळ्या कोडने ती तिथून विचारून घ्यावी.

पण जागा सांगणारा मध्येच ती गिळून बसला तर? एनजिनएक्स हा ॲपच्या पुढे उभा राहून मागण्या मागे देणारा सर्व्हर. त्याच्या कॉन्फिगमधल्या दोन ओळी डोळ्यांसमोर आणा. /दुकान/ ने सुरू होणारी मागणी मागच्या ८००० पोर्टवरच्या ॲपकडे द्यायची आहे. वरच्या ओळीत तुम्ही ‘/दुकान/’ ही वाट लिहिता आणि खालच्या ओळीत प्रॉक्सी पासपुढे ॲपचा पत्ता. पोर्टच्या आकड्यानंतर काहीच लिहिलं नाही, तर /दुकान/यादी ही वाट आहे तशी ॲपकडे जाते. त्या आकड्यानंतर एक तिरकी रेघ टाकली, तर ‘/दुकान/’ कापून त्या जागी ती रेघ बसते आणि ॲपच्या कानावर फक्त /यादी पडतं. आणि वरच्या ओळीत ‘/दुकान’ पुढची रेघ विसरून खाली मात्र टाकली, तर ॲपला दोन रेघांचं //यादी ऐकू येतं. एका चिन्हाने एवढं होतं. पहिल्या दोहोंपैकी कुठलीही पद्धत चालते. पण जिथे पुढचा भाग कापला जातो तिथे ॲपला आपण कुठे बसलोय हे कळायचा मार्गच बंद होतो. मग ते हेडरमधून तरी कळवावं लागतं, नाहीतर सेटिंगमध्ये लिहावं लागतं. जँगोमध्ये त्याला फोर्स स्क्रिप्ट नेम म्हणतात.

कॉन्फिगची ती फाइल उघडली की घाई न करता एक मागणी बोटाने चालवून बघा. ब्राउझरमधून निघाली तेव्हा वाट काय होती, एनजिनएक्समधून बाहेर पडली तेव्हा काय उरली, ॲपने परत काय लिहिलं, आणि ते ब्राउझरने कुठे उभं राहून वाचलं. कागदावर चार ओळी लिहिल्या तरी पुरे.

लोकल सर्व्हर प्रेमळ असतो, ही पुढची गोष्ट. तो मागितलेलं नसलं तरी काहीतरी देतो. रिॲक्ट किंवा व्ह्यूमधली एकपानी साइट घ्या. त्यात /यादी/हापूस असा पत्ता दिसतो, पण त्या नावाची फाइल कुठेच नसते. पत्ता जावास्क्रिप्टने बदललेला असतो. लोकल सर्व्हर अनोळखी वाट आली की गुपचूप इंडेक्स पान देऊन टाकतो, म्हणून रिफ्रेश केलं तरी सगळं ठीक. लाइव्ह सर्व्हर साधा फाइली देणारा असेल, तर आतून फिरताना काही कळत नाही. पण कुणीतरी तीच लिंक व्हॉट्सॲपवर आईला पाठवते, आई ती थेट उघडते, आणि तिला ४०४ दिसतं. ती परत फोन करून म्हणते, ‘माझंच काहीतरी चुकलं असेल गं.’ या वाक्यापाशी थांबा. तुटलेल्या लिंकची किंमत बहुतेक वेळा असं माणूस मोजतं, ज्याला दोष कुणाचा हे कळायला मार्ग नसतो.

एनजिनएक्समध्ये ट्राय फाइल्सची एक ओळ लिहून इंडेक्स पान देता येतं. पण सरसकट सगळ्याच वाटांना ते दिलं की नवा घोटाळा. एखादी जावास्क्रिप्ट फाइल खरोखरच हरवली असेल, तरी सर्व्हर २०० म्हणत इंडेक्स पान देतो. ब्राउझर ते स्क्रिप्ट म्हणून वाचायला जातो आणि कन्सोलमध्ये तक्रार येते: ‘<’ हे चिन्ह इथे अपेक्षित नव्हतं. ज्याला हे ठाऊक नाही तो आपल्या कोडमध्ये ‘<’ शोधत बसतो. ते चिन्ह एचटीएमएल पानाचं पहिलं अक्षर असतं. असा गोंधळ नको असेल तर चित्रं, स्क्रिप्ट, स्टाइल यांच्या वाटांना खरंखुरं ४०४ मिळू द्यावं.

लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचं थोडक्यात: विंडोज आणि मॅक मुळात त्यांत फरक मानत नाहीत, लिनक्स मानतो. फाइलींची नावं सगळी लहान अक्षरांत ठेवली की प्रश्न मिटतो.

मराठी नावांचा प्रश्न मात्र तेवढ्यावर मिटत नाही. मराठी विकिपीडियाच्या पत्त्यात देवनागरी नावं थेट असतात, आणि आपल्या साइटवरही ती असावीत असं मला मनापासून वाटतं. पत्ता पाठवला जाताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. एका चिन्हामागे नऊ. म्हणून लिंक कॉपी केली की ती एवढी लांब दिसते.

‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. त्यातला अर्धा ऱ तीन प्रकारे टाइप होऊ शकतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात. पहिल्यात सहा चिन्हं भरतात, म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरं. उरलेल्या दोन्हींत सात, म्हणजे ६३. लिनक्सचा सर्व्हर बाइट जुळवतो, त्याला हे तीन वेगळे पत्ते आहेत. मॅकची एपीएफएस ही फाइलपद्धत पहिले दोन एकच मानते, त्यामुळे मॅकवर उघडणारी फाइल सर्व्हरवर सापडत नाही. नाव पुन्हा पुन्हा वाचून काही दिसणार नाही, कारण डोळ्यांना दिसण्यासारखं त्यात काही नाहीच. उपाय असा की नाव साइटमध्ये शिरतं त्या दारातच ते एनएफसी या युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात आणायचं. मीडियाविकी हेच करते. एनएफसीने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसऱ्यातला न दिसणारा जोडक तसाच राहतो, त्यासाठी आपला वेगळा नियम लिहावा लागतो. मराठी साइट करणाऱ्या प्रत्येकाने तो लिहावा.

आता एक सराव, आज रात्री करता येईल असा. लोकल सर्व्हर मुळावर चालवू नका. मुद्दाम एखाद्या वाटेखाली चालवा, जिचं नाव लाइव्ह साइटवर कधीच नसेल: /तात्पुरतं/ वगैरे. डीबग बंद करा. एनजिनएक्स वापरणार असाल तर तोही लोकलवरच पुढे बसवा. मग सर्वांत आतलं पान थेट पत्ता टाकून उघडा आणि रिफ्रेश करा. नेटवर्क टॅब उघडून एकेक ओळ वरून खाली वाचा. ज्या ओळीत ‘तात्पुरतं’ नाही, ती लिंक अजून समजते आहे की ती मुळावरच उभी आहे. ती कोडमध्ये शोधा आणि दुरुस्त करा. पहिल्यांदा अशा बऱ्याच सापडतील. एका बैठकीत सगळ्या संपवायची गरज नाही.

लाइव्ह गेल्यानंतर लॉगकडे याच शांतपणे बघा. एनजिनएक्सच्या नेहमीच्या ॲक्सेस लॉगमध्ये मागितलेल्या वाटेबरोबर रेफररही लिहिलेला असतो, म्हणजे मागणी कुठल्या पानावरून आली ते. फक्त ४०४ च्या ओळी वेगळ्या काढा. बाहेरच्या साइटवरून आलेल्यांत आजचे ब्राउझर सहसा नुसतं डोमेन सांगतात. त्या वाटा जुन्या असतील तर नव्या पत्त्याकडे कायमच्या वळवा, कारण कुणीतरी त्या जपून ठेवल्या आहेत. तुमच्याच साइटवरून आलेल्यांत मात्र पानाचा पूर्ण पत्ता असतो. तो उघडा, तिथे शेवटी रेघ आहे की नाही ते बघा, आणि तुटलेली वाट त्याच्यापासून हाताने मोजा.